पाच अळणी

तिसऱ्या अळणीच्या दिवशी सकाळी भागिरथी चौथ्यांदा संडासातून बाहेर आली, तेव्हा तिची नणंद रंगुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती.

"ऊन बाधलंय तुला," रंगुबाईने निकाल दिला. "लिंबू-साखरेचं पानी घे. मीठ तेवढं टाकू नको."

मीठ टाकायची सोयच नव्हती. जावळ्यांच्या घरात लग्न निघालं की नवऱ्या मुलाच्या आईने देवक बसेपर्यंत पाच दिवस अळणी खायचं, हा नेम. हे कुठल्या पणजीने आणि कशासाठी सुरू केलं, ते विचाराल तर घरातला एकही माणूस सांगू शकणार नाही. पण सासूबाई कडूबाईंनी तो तीनदा पाळला होता, त्यांच्या सासूने चारदा, आणि आता हर्षलच्या लग्नात पाळी भागिरथीची होती. वैशाखात, अंगाचं पाणी पाणी होत असताना, बिनमिठाची डाळ नि दूध-भाकरी.

भागिरथीने ते आनंदाने पत्करलं होतं. खरं तर तिने हट्टानेच पत्करलं होतं.

कारण अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट घरात कोणी बोलत नसलं तरी विसरलंही नव्हतं. रंगुबाईच्या लेकीचा साखरपुडा होता. भागिरथीला चार दिवस झोप नव्हती आणि तिला झोप हवीशीही वाटत नव्हती. भर मांडवात तिने गुरुजींच्या हातातला माईक काढून घेतला, तासभर बोलली, आणि वरपक्षाच्या एकेका माणसाला एकेक म्हैस देऊन टाकली. गोठ्यात म्हशी होत्या दोन. सोयरीक मोडली. पोरीचं पुढे चांगल्या घरी झालं, दोन लेकरंही झाली, पण रंगुबाईच्या मनातून तो दिवस काही केल्या जाईना.

त्यानंतर नगरच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आजाराला नाव दिलं आणि गोळीचंही नाव सांगितलं, लिथियम. तेव्हापासून भागिरथी माणसात आली ती आलीच. गोळीने तहान वाढवली, अंगावर थोडं मांस चढवलं, हाताला बारीक थरथर दिली. ते सगळं तिने मुकाट्याने सोसलं. बदल्यात तिला झोप मिळाली, पोराची बारावी मिळाली, स्वतःचं डोकं परत मिळालं. सौदा तिला मान्य होता.

पथ्यं तिला पाठ होती. गोळी रोज ठरल्या वेळी. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यातच मूत्रपिंड आणि थायरॉईडही बघायचं. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घ्यायची नाही. पाणी भरपूर प्यायचं आणि मीठ रोज खातो तेवढंच खायचं, एकाएकी वाढवायचं नाही की सोडायचं नाही. रंगुबाईने परवाच गुडघ्यासाठी आपल्या पर्समधली गोळी पुढे केली होती, तर भागिरथीने हात जोडले होते. "वन्सं, ती मला चालत न्हाई." इतकी हुशार बाई. आणि तीच बाई मीठ सोडून बसली! गोळी मात्र न चुकता चालू होती. नवरा रंगनाथ रोज न विसरता विचारायचा, "गोळी घेतली का?" मिठाचं विचारायचं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. देवाचं देवाला आणि डॉक्टरचं डॉक्टरला, असं सगळ्यांनी वाटून टाकलं होतं.

पाचच दिवस, असं भागिरथीने स्वतःला समजावलं होतं. एकदा तरी या घरात कोणी म्हणावं, की भागिरथीने सगळं रीतसर केलं. तेवढ्यासाठी.

ओसरीवर माणसं बोलत होती. नवरी पूजाचे वडील राधाकृष्ण आणि आई राहीबाई नगर जिल्ह्यातल्याच अकोले गावाहून सकाळीच जीपने आले होते. लग्न रविवारी होतं. वऱ्हाड किती वाजता निघणार, पंगत कुठे बसणार, अशी शेवटची बोलणी करायची होती. येताना त्यांनी घरच्या तांदळाचं पोतं आणलं होतं आणि कडूबाई त्यातला तांदूळ हातावर घेऊन वास घेत होत्या.

"भागिरथी, चहा आन गं," रंगनाथने हाक मारली.

तिने ट्रे उचलला. रोजची बारीक थरथर तिला ठाऊक होती. तिच्यामुळे कप बशीवर वाजायचा म्हणून ती बशी वापरतच नसे. पण आज हात थरथरत नव्हते, हेलकावे खात होते. उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा चहा ट्रेमध्ये सांडला. पाय टाकायचा एकीकडे तर तो पडायचा दुसरीकडे. तिने ट्रे तिथेच खाली ठेवला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

तिला फार भीती वाटली. ऊन बाधल्याची ही भीती नव्हती. डॉक्टरीणबाईंनी अकरा वर्षांपूर्वी बोटांवर मोजून सांगितलेलं तिला एकेक आठवलं. जुलाब. हात जोरात कापणं. तोल जाणं. जीभ जड होणं. तिने हळूच स्वतःशीच म्हणून बघितलं, "हर्षलचं लगीन रविवारी हाय." शब्द तोंडात मऊ भाकरीसारखे गोळा झाले.

ती तशीच मागे फिरली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली.

"अहो," तिने हाक मारली. "जरा आत या. सासूबाईंनाही बोलवा."

रंगनाथ आला, कडूबाई आल्या, आणि न बोलावता रंगुबाई आली. हर्षल फोनवर मांडववाल्याशी भांडत होता, तोही आईचा चेहरा बघून फोन बंद करून आत शिरला.

"माझ्या अंगात गोळी साठलीय," भागिरथी सावकाश, एकेक शब्द जपून बोलली. "मीठ सोडलं की ती अंगाबाहेर पडत न्हाई. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं हुतं, आन मीच येड्यावानी ऐकलं न्हाई. मी अळणी सोडते. आन मला आत्ता नगरला जायचंय. रक्त तपासाया."

"आत्ता?" रंगनाथने ओसरीकडे बघितलं. "अगं, पाव्हणे बसल्यात."

"दोन दिस राह्यलेत फकस्त," रंगुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "आज गुरवार. शनवारी देवक. एवढं काढलंस, तेवढं काढ की. आज गोळी घेऊ नको म्हंजे झालं."

"आत्या, ती बोलतेय कशी ते ऐकतेस का?" हर्षल चिडला. "मी गाडी काढतो."

"कुठली गाडी? आपली गाडी मांडवाचं सामान आनाया वडाळ्याला गेलीय," रंगनाथ म्हणाला. "दारात पाव्हण्यांची जीप तेवढी हाय."

जीप मागायची म्हणजे कशासाठी ते सांगायला हवं. आणि हे सांगायचं नाही, असं तर सोयरीक जमली त्या दिवशीच वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं.

रंगुबाईला उपाय सुचायला वेळ लागला नाही. "शुगर वाढली म्हना. शुगर काय, समद्यांनाच असती. राधाकृष्ण पाव्हन्यालाही असंल. कोन काय म्हनत न्हाई."

आणि खरंच, आपल्याकडे शुगर म्हणजे जवळजवळ मानाचा आजार. चारचौघांत सांगावा, पंगतीत जिलबी नको म्हणावी, चार लोकांनी काळजीने विचारावं. डोक्याचा आजार तेवढा घराच्या मागच्या दाराने जायचा. रंगनाथ मान हलवायच्या बेतात होता. भला माणूस. बायकोवर त्याचा जीव होता, पण चार माणसांत उभं राहायची वेळ आली की तो नेहमी कोणाच्या तरी मागे उभा राहायचा.

भागिरथी पाटावरून उठली. हर्षलने दंडाला धरलं.

"शुगर म्हनाल तर माझी गोळी कुनी तपासनार न्हाई," ती म्हणाली. "दवाखान्यात शुगरची सुई टोचतील. अन् उद्या ती पोर या घरात येईल. माझं डोकं दुखलं तर मायेनं दुकानातली गोळी आनून देईल, तिला काय ठावं? तुमचं खोटं सांभाळता सांभाळता मी मरायची, वन्सं."

"अन् सोयरीक मोडली तर?" रंगुबाईचा आवाज चिरका झाला. "माझ्या पोरीची मोडली. तुला काय वाटतं, मला हे सांगायला बरं वाटतंय?"

अकरा वर्षांत नणंदेने हे पहिल्यांदा तोंडावर म्हटलं होतं. तिला वाईट वाटलं आणि कुठेतरी मोकळंही वाटलं.

"तुमच्या पोरीचं माझ्यापायी मोडलं, ते मला रोज सलतं," ती म्हणाली. "म्हनूनच मीठ सोडलं हुतं, वन्सं. तुमी बरं म्हनावं म्हनून. पन तवा मला औषध नव्हतं. आता हाय. अन् त्याच औषधाला मी इख करून घेतलं."

एवढं बोलून ती ओसरीवर गेली. हर्षल दंड धरून बरोबर होता. राधाकृष्णांनी घाईने खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही. बसली तर पुन्हा उठवणार नाही, असं तिला वाटलं.

"भाऊ, ताई," ती म्हणाली, "मला अकरा वर्सं मनाचा आजार हाय. कधी लई चढतं, कधी लई उतरतं, असा. गोळीनं तो ताब्यात हाय. ती गोळी लई गुनाची हाय, पन तिला पथ्य लागतं. ते मी लगनाच्या नेमापायी मोडलं, अन् आता गोळी अंगात जास्त झालीय. मला नगरला जायला तुमची जीप पायजे. हे तुमाला पहिल्या दिवशी सांगायला हवं हुतं. न्हाई सांगितलं, ती आमची चूक. तुमाला काय ठरवायचं ते ठरवा. पन जीप आधी द्या."

राधाकृष्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बोलल्या त्या राहीबाई, आणि त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता.

"लपवून ठेवलं व्हय आमच्यापासून?"

"व्हय, ताई."

"पूजाला माहीत हाय," हर्षल म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. रंगुबाईची तर नको इतकी वळली.

"पहिल्यांदा भेटलो तवाच सांगितलं मी," तो म्हणाला. "म्हटलं, माझी आई अशी हाय, तिची गोळी अशी हाय, तिला घेऊन दर चार म्हैन्यांनी नगरला जावं लागतं, अन् ते मीच करनार. पटत असलं तर हो म्हन. ती म्हनाली, घरी तुमचे तुमी सांगा, मी माझ्या घरी बोलनार न्हाई. मला वाटलं हुतं, बापू सांगतील."

रंगनाथने खाली बघितलं. पोरगं बापाच्या पुढे गेलं होतं. आणि भागिरथीला, पाय लटपटत असताना, जीभ जड झालेली असताना, पोराकडे बघून हसू फुटलं. ज्या गोष्टीसाठी घरातली मोठी माणसं वर्षभर दारं लावत होती, ती पोराने चहाच्या टपरीवर सांगून टाकली होती!

राहीबाई उठल्या. पदर खोचला.

"माझा राग गेला न्हाई," त्यांनी रंगनाथला ठणकावलं. "तो मी लगनात काढनार. अहो, जीप काढा. मी विहीणबाईंच्या शेजारी मागं बसते. ताई, पान्याची बाटली घ्या. कागदं कुठं हायेत औषधाची? ती बरोबर घ्या, म्हंजे तिथं लई सांगत बसाया नको."

तेवढ्यात रंगुबाईने शेवटचा खिळा ठोकलाच. "मग देवकाचं काय? नेम मोडला तर देवक धरायचं कोनी?"

प्रश्न बरोबर होता आणि सगळ्यांच्या मनात होता. नेम मोडलेल्या बाईच्या हातात देवक द्यायचं नाही, ही रीत. भागिरथीने ते ऐकलं आणि तिचे डोळे भरले. मरायच्या भीतीने भरले नव्हते, ते या गोष्टीने भरले. एकुलत्या एका पोराचं लग्न, आणि देवक दुसऱ्या कोणाच्या हातात.

कडूबाई तेवढा वेळ तांदळाच्या पोत्याशी बसून होत्या. घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या आधीचे शब्द वाया घालवत नसत. त्यांनी मुठीतला तांदूळ पोत्यात टाकला, हात झटकले.

"देवक भागिरथीच धरंल," त्या म्हणाल्या.

"आई, पन अळणी..." रंगुबाई म्हणाली.

"अळणी घरात पाच व्हायला पायजेत. तीन तिनं केली. राह्यलेली दोन मी करते."

"तू? शहात्तर वर्साची? या उन्हात?" रंगनाथ घाबरला.

"अरे मुडद्या, बीपीच्या डॉक्टरनं मला दोन वर्सं झाली मीठ कमी कर म्हनून सांगितलंय," कडूबाई म्हणाल्या. "कोन ऐकतंय! आता देवासाठी ऐकते. देवही खूश अन् डॉक्टरही खूश. एकीला मीठ सोडलं की बाधतं, दुसरीला खाल्लं की बाधतं, अन् आपन दोघींना एकच नेम लावून बसलो. अन् जिचं मीठ सुटलं तिला, चालंल का म्हनून घरात कुनी इचारलं सुदिक न्हाई. ही माझी चूक. माझ्या सासूनं नेम दिला तवा ह्या गोळ्या नव्हत्या. ती आसती तर तिनंही हेच केलं आसतं." मग त्या भागिरथीकडे वळल्या. "जा गं बाई. अन् शनवारच्या आत ये. मी दोन दिसाच्या वर अळणी खानार न्हाई, आधीच सांगून ठेवते."

राधाकृष्ण मोठ्याने हसले. मग सगळेच हसले. फक्त रंगुबाई हसली नाही. तिने मुकाट्याने भागिरथीची चप्पल आणून तिच्या पायापाशी ठेवली, वाकून, स्वतःच्या हाताने.

नगरला पोचायला तास-सव्वातास लागला. राहीबाईंनी वाटभर तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वाटभर त्या पुढे बसलेल्या रंगनाथची नालस्तीही करत होत्या. दवाखान्यात भागिरथीने स्वतःच कागद पुढे केला. शेवटची गोळी काल संध्याकाळी कधी घेतली, किती जुलाब झाले, किती दिवस मीठ नाही, सगळं नीट सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त घेतलं, सलाईन लावलं, गोळी थांबवली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पातळी बरीच वर आहे," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंड ठीक आहे, नशीब. भागिरथीताई, अकरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मला फसवलंत."

"चुकलं, मॅडम."

"चुकलं ते चुकलं. पण वेळेवर ओळखलंत तेही तुम्हीच. घरी बसून नुसतं मीठ खाऊन बघू म्हणाला असतात, किंवा आणखी दोन दिवस काढले असते, तर आज अशा बोलत नसतात." मग त्यांनी रंगनाथला समोर बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं सगळं म्हणून घेतलं. मीठ-पाणी रोजच्यासारखं. जुलाब-उलट्या झाल्या की त्याच दिवशी फोन. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नाही. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, आपल्या मनाने बंद करायची नाही. रंगनाथ दोनदा चुकला. राहीबाईंनी त्याला दोन्ही वेळा दुरुस्त केलं.

शुक्रवारी संध्याकाळी पातळी उतरली. शनिवारी सकाळी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली, कमी केलेल्या गोळीची चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "जा. लग्न लावा पोराचं. उन्हात फार हिंडू नका."

शनिवारी ऊन कलल्यावर जावळ्यांच्या वस्तीवर हलगी वाजायला लागली. भावकीतल्या बायका हिरव्या साड्या नेसून जमल्या होत्या आणि बातमी अर्थातच सगळ्यांच्या आधी पोचली होती. भागिरथी न्हाऊन, मळवट भरून बाहेर आली तेव्हा कुजबुज एकदम थांबली. चुलत जाऊ पुढे होऊन गोड आवाजात म्हणाली, "काय गं, शुगर वाढली हुती म्हनं?"

भागिरथी तोंड उघडणार, तोच मागून रंगुबाईचा खणखणीत आवाज आला.

"शुगर न्हाई. तिला मनाचा आजार हाय, अन् लिथियमची गोळी हाय. मीठ सोडल्यानं ती चढली. आता उतरलीय. आनखी काय इचारायचंय? मला इचारा."

चुलत जावेला एवढ्यात काही विचारायचं नव्हतं.

कडूबाईंनी देवकाचं ताट भागिरथीच्या हातात दिलं. दोन दिवस अळणी खाऊन म्हातारीचा चेहरा आंबट झाला होता, पण मान ताठ होती. हलगीवाले पुढे, मागे बायका, मध्ये ताट घेतलेली भागिरथी, असे सगळे मारुतीच्या देवळाकडे निघाले. देव भेटवून, ओटी भरून परत वळले. मांडवात देवक बसलं. हर्षल पाया पडला, तिने त्याला उठवून छातीशी धरलं, आणि हलगीवाल्याने जोर धरला.

भागिरथीचा पाय आपोआप उचलला. एक गिरकी, दुसरी गिरकी. तिने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने, अगदी खदखदून हसली. रंगनाथ पटकन पुढे सरकला. रंगुबाईने कडूबाईकडे बघितलं. हे हसणं कुठलं? मागे असंच सुरू झालं होतं. तिच्या प्रत्येक मोठ्या हसण्याला अकरा वर्षं या घराने असंच घाबरून बघितलं होतं.

भागिरथीने ती नजर बघितली. थांबली नाही.

"वन्सं, नका बघू असं," नाचता नाचता ती म्हणाली. "काल छान झोपले मी, मॅडमला इचारा. आता म्हशी वाटत न्हाई. पोराचं लगीन हाय म्हनून नाचतेय. तुमी या!"

तिने नणंदेचा हात धरून ओढलं. रंगुबाई क्षणभर अडली, तोंडावर पदर घेतला, आणि मग साठीला आलेली ती बाई अशी काही नाचली की हलगीवाल्याला ताल बदलावा लागला. रंगनाथ पाण्याचा तांब्या घेऊन कडेला उभा होता. तीन गिरक्या झाल्यावर भागिरथी त्याच्यापाशी आली, घटाघटा पाणी प्यायली, तांब्या त्याच्या हातात परत दिला.

"बसायचं का आता?" त्याने हळूच विचारलं.

"बसू दोन मिंटं," ती म्हणाली. "मग तुमी नाचायचं."

आणि जावळ्यांच्या घरातला तो लाजरा माणूस, ज्याला चार माणसांत उभं राहता येत नसे, तो टोपी सावरत, सगळ्यांच्या देखत, बायकोसमोर नाचायला लागला.